म्हैसमाळची सिरा आणि लक्ष्मीबाईंची शपथ

कारभारी औताडेला त्या दिवशी काय मिळणार होतं याचा हिशेब मांडायचा, तर चांदीची वाटी, कपड्यांचा आहेर आणि तेहतीस अनारसे आधी बाजूला काढायला हवेत. धोंड्याच्या महिन्यात सासरी जेवायला बसलेल्या कुठल्याही जावयाला ते मिळतात. त्यात कर्तबगारी काही नाही. खरी कमाई दुसरीच होती. म्हैसमाळच्या उतारावर सासऱ्यांचा जमिनीचा एक तुकडा होता, त्यात कारभारीनं वाढवलेले द्राक्षाचे वेल होते आणि त्या वेलांना पुढची दहा वर्षं कुणी हात लावणार नाही, अशा कराराच्या कागदावर सासऱ्यांची सही हवी होती. शिवाय या सगळ्यावर तुपाच्या धारेसारखा एक वरकड लाभ होता, तो म्हणजे थोरला साडू नानासाहेब याचा पडलेला चेहरा. ही शेवटची बाब कारभारी कुणाजवळ बोलत नसे. मनात मात्र ती त्यानं सगळ्यात वर मांडली होती.

कारभारी वाळूजच्या कंपनीत कामाला, राहायला बजाजनगरात. सुट्टी लागली की मोटारसायकल काढायची आणि थेट म्हैसमाळ गाठायचं. खाली शहर तव्यासारखं तापलेलं असताना वर गेलं की वारा कॉलर धरून विचारतो, स्वेटर कुठाय? त्याच वाऱ्यात काही वर्षांपूर्वी नाशिककडच्या एका वायनरीचा माणूस उभा राहिला होता. त्यानं शर्टाची वरची बटणं लावून घेतली आणि म्हणाला, "इथं सिरा लावा. ह्या द्राक्षाला ऊन कुठंही मिळतं, थंडी मिळत नाही. तुमच्याकडं ती फुकट आहे." कारभारीनं सिरा लावली. वेल वाढले, माल आला, वायनरीनं त्या मालाची थोडी वाईन करून पाहिली आणि दोन बाटल्या पाठवल्या. सोबत कराराचा कागद. त्याच्या तळाशी जमीनमालकाच्या सहीसाठी मोकळी जागा होती आणि त्या मोकळ्या जागेत कारभारीचा जीव अडकला होता.

जमीनमालक तात्यासाहेब. वैजापूरच्या तहसिलीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले, आता सिडकोत घर. वय विचारलं तर आकडा सांगत नसत, "पोलीस ॲक्शनच्या सालचा" एवढंच म्हणत आणि बाकी वजाबाकी समोरच्यावर सोडत. मुलगा नाही, दोन मुली. थोरली साळू वैजापूरला दिलेली, नानासाहेबाला. धाकटी द्वारका कारभारीला. नानासाहेबाची मार्केट यार्डात कांद्याची आडत, बोटात अंगठ्या आणि बोलण्यात सदा 'थोरला'. थोरल्याचे पाय आधी धुवायचे, थोरल्याला आधी वाढायचं, फोटोत थोरल्यानं मध्ये. आणि म्हैसमाळच्या तुकड्यात थोरल्याच्या मनात अद्रक होतं.

"मामा, वेल उपटा," तो दर भेटीत सांगे. "थंड हवेत अद्रक असं पोसतं, की गड्डा दोन हातांनी उचलावा लागतो. ही दारूची द्राक्षं कोण खातंय? पाखरं बी नाय."

तात्यासाहेबांनी निकाल राखून ठेवला होता. "तहसिलीत मी कागद वाचल्याबिगर सही केली नाही. वाईन चाखल्याबिगर बी करणार नाही. चांगली निघाली तर वेल राहतील. नाही निघाली तर मृगात अद्रक."

अट रास्त होती, फक्त तिच्यात एक मोठी अडचण होती. तात्यासाहेबांनी दारू सोडलेली. नुसती सोडलेली नाही, तर बायकोच्या, लक्ष्मीबाईंच्या डोक्यावर हात ठेवून सोडलेली. धाकटीच्या बारशाला त्यांनी मोहाची घेतली होती आणि पाळण्यासमोर उभं राहून ठरलेलं नाव विसरून तहसीलदाराच्या बायकोचं नाव पुकारलं होतं. तेच नाव पोरीला कायमचं चिकटलं. द्वारका आपलं नाव ऐकून आजही कधी कधी बापाकडं तिरकं बघते. त्याच रात्री शपथ झाली: दारूचा एक थेंब जरी घशाखाली गेला, तर लक्ष्मीबाई आडव्या.

यावर तोड काढली ती कारभारीच्या शिफ्टमधल्या दोस्तानं, हैदरनं. वायनरीत माणसं वाईन तोंडात घोळवतात आणि थुंकून देतात, हे कारभारीनं त्याला चहाच्या सुट्टीत सांगितलं होतं.

"फिर क्या मुश्किल है?" हैदर म्हणाला. "शपथ गले की है ना, जबान की थोडी है? हमारी दादी का उगालदान पडा है घर में. निजाम के जमाने का. पान खाके थूकने का, पितल का, ये बडा."

त्याची दादी जैतुनबी हिनं उगालदान दिलं ते एका अटीवर: घासून परत आणायचं.

दिवसही कारभारीनं हुशारीनं निवडला होता, धोंड्याच्या जेवणाचा. एरवी तात्यासाहेब कुठल्याही अर्जाला आधी नकार देत आणि मग अर्ज वाचत. पण अधिक महिन्यात जेवायला बोलावलेल्या जावयाला 'नाही' म्हणायची सोय सासऱ्याला नसते. अडचण इतकीच, की ती सवलत दोन्ही जावयांना होती.

ज्येष्ठातलं ऊन. सिडकोतल्या घराच्या खिडकीत कूलर घरघरत होता. त्याच्या समोरची जागा नानासाहेबानं आल्या आल्या धरली होती. कारभारी पिशवीतून बाटल्या काढू लागला तशा लक्ष्मीबाई स्वयंपाकघरातून पदर खोचत बाहेर आल्या.

"जावईबापू, पुरुषोत्तम मास हाय. अन् तुम्ही घरात दारू आणता?"

"मामी, द्राक्षं तर तुम्ही बी खाता."

"खाते. पण खाऊन बारशात नाव विसरत नाय."

तात्यासाहेब पेपराच्या आड गेले.

"गिळायचं नाही मामी, नुसतं चाखायचं," कारभारीनं हैदरकडं बोट दाखवलं. हैदर भिंतीला टेकून, चकचकीत उगालदान मांडीवर घेऊन, तान्ह्या बाळासारखं सांभाळत बसला होता.

"मैं बाटली को हात बी नै लगाता, मावशी," हैदर म्हणाला. "मैं सिर्फ उगालदान का जिम्मेदार."

"मी समोर उभी राहणार," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "शप्पथ माझ्या डोक्यावर हाय. गेला थेंब खाली, तर जाणार कोण? मी. मग मी बघायला नको?"

या बोलण्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं.

कारभारीचा बेत असा: कोऱ्या तोंडानं वाईन, मग सही, मग जेवण. पण नानासाहेब पाटावर बसूनच होता. "आधी धोंड्याचं होऊ द्या. थोरल्या जावयाचे पाय कोरडे ठेवून कुठं काय सुरू करतेत?" त्याला वाईनचं काही कळत होतं अशातला भाग नाही. समोरच्याची घाई दिसली की आपण सावकाश व्हायचं, हे आडतीत शिकलेलं. पाय धुऊन झाले, थोरल्याचे आधी. ओवाळून झालं. मग पुरणानं टच्च भरलेले धोंडे आले, त्यावर दूध, दुधावर तूप. नानासाहेबानं स्वतःच्या हातानं सासऱ्याच्या ताटात आणखी वाढले. "घ्या मामा, धाकट्याच्या नावानं एक. आता द्राक्षाच्या नावानं एक."

आणि तेवढ्या गुळावर, तेवढ्या वेलदोड्यावर, तेवढ्या तुपावर कारभारीनं बाटली उघडली.

दुसरी चूक त्याची स्वतःची होती. वायनरीच्या माणसानं बजावलं होतं, लाल वाईन बर्फात घालायची नाही, खोलीच्या तापमानाला द्यायची. त्या माणसाची खोली कुठली, हे कारभारीनं विचारलं नव्हतं. बजाजनगरच्या पत्र्याखालच्या खोलीतल्या कपाटातून निघालेली बाटली मोटारसायकलला टांगलेल्या पिशवीत तापत तापत सिडकोला पोचली होती. औरंगपुऱ्यातून मुद्दाम आणलेल्या लांब दांडीच्या ग्लासात ती ओतली, तेव्हा ग्लास हाताला कोमट लागला.

तात्यासाहेबांनी ग्लास नाकाशी नेला. घोट घेतला. गालात फिरवला. त्यांचा उजवा डोळा आपोआप मिटला, मग डावा. पुढच्याच क्षणी उगालदान टणकन वाजलं.

"अरे, हा काय काढा हाय का काय? आवळ्याची साल उकळून त्यात शिरका घातल्यागत लागतंय. दात आंबले!"

लक्ष्मीबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. शाबूत होत्या.

"मी म्हणलं व्हतं," नानासाहेब मोठ्या शांतपणे म्हणाला. माणूस खूश असला की किती शांत होतो, हे पाहण्यासारखं होतं. "साडूभाऊ, वाईट वाटून घेऊ नका. वेलाची लाकडं बंबात चांगली जळतेत."

कारभारीनं स्वतः एक घोट घेतला. सासरे खोटं बोलत नव्हते. वायनरीच्या थंडगार तळघरात हीच वाईन घेतली तेव्हा त्याला वाटलं होतं, आपण म्हैसमाळचा डोंगर गिळला. आणि आता जिभेवर पुरणाचा लेप आणि त्यावरून ही कोमट, तुरट, आंबट धार. सुट्टीच्या सगळ्या रविवारांचं पाणी त्या एका घोटात झालं होतं. त्याला उतारावरचे वेल दिसले, मग फावडं दिसलं, मग फावड्यामागं अंगठ्यांचा हात.

द्वारकानं नवऱ्याच्या हातातून उघडलेली बाटली घेतली, बूच दाबून बसवलं, खिडकीशी गेली, कूलरचं झाकण सरकवलं आणि बाटली गळ्यापर्यंत टाकीतल्या पाण्यात उभी केली.

"अगं, लेबल भिजंल," कारभारी म्हणाला.

"लेबल प्यायचंय का कुणाला? माझ्या नावाची भानगड दारूनं झाली. आता ह्या दारूला तरी नीट बोलू द्या."

जेवण पुढं सरकलं. गोडानं सगळ्यांच्या तोंडाला मिठी बसली होती, तेव्हा लक्ष्मीबाईंनी त्यांचा हुकमी पदार्थ आणला, येसराची आमटी. भाजलेल्या धान्याचा आणि मसाल्याचा तो काळपट येसर त्या स्वतः दळत. वर लाल तवंग, आणि वास असा की कूलरची हवासुद्धा त्याच्यापुढं माघार घेई. बाजरीची भाकरी चुरून तात्यासाहेबांनी पहिला घास घेतला आणि गोडाचा सगळा राग त्या आमटीवर काढल्यासारखे ओरपू लागले. कारभारीचं लक्ष जेवणात नव्हतं. तरी भुरका मारला, कारण सासूनं वाढलेलं. कपाळावर घाम आला, जीभ पेटली, गुळाचा लेप कुठल्या कुठं धुऊन गेला.

"थंड झाली का ते तरी बघा," द्वारका म्हणाली आणि तिनं टाकीतल्या बाटलीतून घोटभर वाईन त्याच्या ग्लासात ओतली.

त्यानं मन नसताना घेतली.

आधी गारवा आला. माठातल्या पाण्याएवढाच, जास्त नाही. मग जांभूळ, पण गोड नसलेलं, सावलीतलं. आणि मग, आमटीची धग जिथं बसली होती नेमकी तिथं, मिरं फुटलं. हिरव्या घोसातून नुकतं तोडून दाताखाली धरावं तसं. मिऱ्यामागं चुलीच्या धुराचा पुसटसा वास, आणि गिळून झाल्यावरही तोंडात पहाटेचं म्हैसमाळ, दात न वाजवता जेवढी थंडी सोसते तेवढं.

कारभारी ताडकन उभा राहिला. ताटावरून. पाटावरून. हात खरकटे, घास अर्धा.

धोंड्याच्या जेवणात जावई अर्ध्या ताटावरून उठला, याचा त्या घरात एकच अर्थ होता.

"जावई रुसले!" साळू ओरडली.

लक्ष्मीबाईंच्या हातातला डाव आमटीत बुडाला. "आत्ता गं बाई! अहो, बघता काय? पाटावरून उठले ते! महिना वाया जाईल की सगळा!"

तात्यासाहेब घाईघाईनं उठले. पोलीस ॲक्शनच्या सालच्या माणसाला एवढ्या चपळाईनं उठताना त्या घरानं पाहिलं नव्हतं. "बसा, कारभारीराव, बसा. काय चुकलं आमचं? दुसरी वाटी पाहिजे? मोठी? वेलांचं मनाला लावून घेतलं का? बोला, काय पाहिजे. मागाल ते."

रुसल्यावर सासरा एवढं देतो हे माहीत असतं, तर कारभारी लग्नापासून रुसत आला असता. खरं तर तो रुसला नव्हताच. त्याला नाचायचं होतं, आणि नाचायला जागा नव्हती. पण तोंड उघडता उघडता त्याच्या लक्षात आलं, की असा दर पुन्हा फुटणार नाही. त्यानं आनंद गालात दाबला आणि चेहरा जमेल तेवढा कष्टी केला.

"मामा, वाटी नको. आहेर नको. तुम्ही आमटी जेवता जेवता अजून एक घोट तोंडात घ्यायचा. गार झालेला. बस."

"ह्या, हे काय मागणं हाय?" नानासाहेब मध्ये पडला. "निकाल झाला की! एकदा थुंकलं ते थुंकलं."

"नानासाहेब," लक्ष्मीबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज असा होता की कूलर मंद झाल्यागत वाटला. "उद्या तुम्ही रुसलात, तर तवा बी आम्ही असंच म्हणावं का?"

रुसायचा हक्क हा नानासाहेबाचाही सगळ्यात जुना ठेवा होता. तो धाकट्याच्या बाबतीत मोडला, तर थोरल्याचा कसा टिकणार?

"हैदर, उगालदान!"

हैदर गुडघ्यांवर पुढं सरकला आणि त्यानं उगालदान तात्यासाहेबांच्या हनुवटीखाली धरलं. लक्ष्मीबाई समोर उभ्या, एक हात स्वतःच्या डोक्यावर. द्वारकानं ओतलं. तात्यासाहेबांनी आधी आमटीचा भुरका मारला, मिशी पुसली आणि घोट घेतला.

यावेळी डोळे मिटले नाहीत. उघडे राहिले. गाल एकदा फुगला, मग दुसरा. भुवई वर गेली. तात्यासाहेब समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहत होते, पण पाहत होते दुसरंच काहीतरी.

"थुका," नानासाहेब म्हणाला.

तात्यासाहेबांनी बोट वर केलं. थांब.

"मामा, थुका आता. मामींचा जीव टांगणीला लागलाय."

"इधर है, तात्या, इधर," हैदरनं उगालदान थोडं वर उचललं.

सगळ्यांचे कान त्या पितळेकडं लागले होते. आता वाजेल. आता. साळूनं तोंडाला पदर लावला. द्वारका बापाच्या गळ्याकडं एकटक बघत होती, आणि म्हणून तिलाच ते आधी दिसलं. गळ्याची घाटी सावकाश वर गेली आणि डौलात खाली आली.

उगालदान वाजलं नाही.

"गिळलं!" द्वारका किंचाळली. "तात्यांनी गिळलं!"

"या अल्ला," हैदर म्हणाला आणि त्यानं रिकाम्या उगालदानात डोकावून खात्री करून घेतली.

सगळ्यांनी एकदम लक्ष्मीबाईंकडं पाहिलं. लक्ष्मीबाईंनी डोकं चाचपलं, नाडी धरली, एक पाय उचलून पाहिला, मग दुसरा. आडव्या झाल्या नाहीत.

"मिरं हाय त्याच्यात," तात्यासाहेब कुणालाच नाही असं म्हणाले. "अन् जांभूळ. आमच्या उताराच्या बांधावर एक जांभळाचं झाड हाय, त्याच्याखाली मी पहाटं घोंगडी घेऊन बसायचो... ते धुकं हाय ह्याच्यात. त्या वायनरीवाल्यानं धुकं कसं काय बाटलीत भरलं?" त्यांनी ग्लास पुढं केला. "द्वारके, कागद आण. अन् ह्याच्यात अजून घाल."

कारभारीला आता राहवेना. तो रुसलेला असल्याचं विसरून हैदरच्या गळ्यात पडला, हैदरच्या हातातलं उगालदान निसटून फरशीवर पडलं आणि दणदणीत वाजलं, उशिरानं आणि पूर्ण कोरडं. तात्यासाहेबांनी खरकट्या हातानं नव्हे, नीट हात धुऊन, कागद शेवटपर्यंत वाचून सही केली. दुसरी बाटलीही कूलरमध्ये गेली. साळूनं एक घोट घेतला आणि आमटी पुन्हा वाढून घेतली. थोरल्याला विचारल्याशिवाय ओततात कसे, असा हक्कानं सवाल करून नानासाहेबानं ग्लास पुढं केला, मग पुन्हा पुढं केला, आणि तिसऱ्यांदा करता करता कारभारीला हळूच विचारलं, "साडूभाऊ, ह्याच्या काड्या वैजापुरात जगतील का हो?"

"जगतील," कारभारी म्हणाला. "पण थंडी कुठून आणणार? ती आडतीत मिळत नाय."

तेवढ्यात लक्ष्मीबाई पुढं आल्या.

"झालं सगळ्यांचं? आता माझं ऐका. शप्पथ मोडली अन् मी जिती हाय. म्हंजी माझ्या डोक्यात आता जोर राहिला नाय. उद्या हे रोज गिळतील, अन् मी कशाची भीती घालू? नवी शप्पथ पाहिजे. अन् नवं डोकं पाहिजे."

तात्यासाहेब हसले. वाईन पोटात गेलेला माणूस उदार असतो. "घेतो की. सणवार सोडून घोट घेणार नाय. कुणाच्या डोक्यावर हात ठेवू? धाकट्याच्या?"

"छे छे," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "असं कसं? आपल्या घरात पहिला मान थोरल्याचा."

नानासाहेब पाटावरून उठणार होता, पण उठला असता तर रुसल्यासारखं दिसलं असतं, आणि रुसून थोरलेपणाचा मान नाकारणं त्याच्यानं झालं नाही. तात्यासाहेबांचा हात त्याच्या डोक्यावर बसला.

तेव्हा हिशेब असा मिटला. कारभारीला वेल मिळाले, आणि साडूचा पडलेला चेहरा धरून वाटी, आहेर नि अनारसे वर. कूलरचा पंप गेला, कारण सिराचं भिजलेलं लेबल त्यात अडकलं. तो हैदरनं दुरुस्त केला. जैतुनबीला उगालदान परत गेलं ते घासून, पण एका बाजूला चेमटून. तिनं विचारलं, थुंकलं कुणी एवढ्या जोरात? लक्ष्मीबाईंना इतक्या वर्षांनी स्वतःचं डोकं मोकळं मिळालं. आणि त्याची किंमत भरली कुणी, तर थोरल्या नानासाहेबानं. त्या दिवसापासून वैजापूरच्या आडतीत त्याला नुसती शिंक आली, तरी साळू आधी सिडकोला फोन लावते, "आई, तात्यांनी आज घेतली का गं? अन् सण तरी कुठला होता?"